‘मग हे बनवलं कोणी?’ : वादातून शिकलेल्या दहा गोष्टी

प्राणिशास्त्र शिकवत होते तोवर एक प्रश्न दरवर्षी माझ्या वर्गात हजेरी लावायचा. उत्क्रांतीचा धडा सुरू झाला, की कोणीतरी उठून विचारायचंच, “मॅडम, डोळ्यासारखी गोष्ट आपोआप कशी बनेल?” कॉलेज नागपूर जिल्ह्यातलं, मुलं शेतकऱ्यांच्या नाहीतर कोळसा खाणीतल्या कामगारांच्या घरची. निवृत्तीनंतर मुलीकडे पेनसिल्व्हेनियाला जाणंयेणं सुरू झालं, तेव्हा तिथल्या शेजारच्या गृहस्थांनीही मला हाच प्रश्न विचारला. त्यांची हयात यंत्रांचे आराखडे काढण्यात गेलेली, रविवारचं चर्च कधी न चुकलेलं. आमचा वाद बरेच उन्हाळे चालला. दोघांचाही आवाज कधी चढला नाही, आणि दोघांनीही हट्ट सोडला नाही.

सगळे जीव देवाने आज आहेत तसेच निर्माण केले, असं मानणारा तो सृजनवाद. त्याचं धाकटं भावंड म्हणजे ‘इंटेलिजंट डिझाइन’. ते देवाचं नाव घेत नाही. जिवांची रचना पाहता कोणातरी बुद्धिमान रचनाकाराचा हात दिसतो, एवढंच म्हणतं आणि स्वतःला विज्ञान म्हणवून घेतं. या दोन्हींशी वाद घालताना माझ्या हाती एक सूत्र लागलं. उत्क्रांतीची बाजू मांडायला धावण्याआधी समोरच्याला त्याचा दावा पुरा मांडायला लावायचा: कोणी बनवलं, कधी, कसं, आणि काय दिसलं तर हा दावा खोटा ठरेल? खालचे दहा बोल या सूत्राच्याच आसपासचे आहेत.

१. युक्तिवादाचं वय आधी विचारा

शेजारच्या गृहस्थांनी सुरुवातीलाच घड्याळाचा दाखला काढला. माळरानावर घड्याळ पडलेलं दिसलं तर ते कोणीतरी बनवलं असणार हे उघड आहे. मग प्राण्याचं शरीर तर घड्याळाहून कितीतरी गुंतागुंतीचं! हा दाखला विल्यम पेली या इंग्रज धर्मोपदेशकाने १८०२ मध्ये ‘नॅचरल थिऑलॉजी’ या पुस्तकात दिला. केंब्रिजमध्ये शिकत असताना डार्विनने पेली आवडीने वाचला होता. म्हणजे डार्विनला हा मुद्दा सुचलाच नाही असं नाही. त्याचं उत्तर शोधताना तर तो पुढे गेला.

गंमत अशी, की या दाखल्यावरचा आक्षेप दाखल्याच्या आधीच छापून आला होता. डेव्हिड ह्यूमचे धर्मविषयक संवाद त्याच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये प्रसिद्ध झाले. घर पाहून आपल्याला गवंडी आठवतो, कारण घरं बांधली जाताना आपण पाहिलेली असतात. विश्वं बनताना कोणी पाहिली आहेत? आणि तुलना मान्य केलीच, तरी त्यातून एकच, सर्वज्ञ निर्माता कसा निघतो? अनेकांनी मिळून, चुकतमाकत बनवलं असंही म्हणता येईल. मी त्यात प्राणिशास्त्राची भर घालते. घड्याळाला पिल्लं होत नाहीत. जिवांना होतात, ती आईबापांहून थोडी वेगळी असतात आणि त्यातली सगळी जगत नाहीत. डार्विनचं सगळं म्हणणं या तीन गोष्टींवर उभं आहे, आणि घड्याळात यातली एकही नाही.

२. ‘मला कल्पना करवत नाही’ हा पुरावा नव्हे

डोळ्याचा प्रश्न आला की मी मुलांना प्रयोगशाळेत न्यायचे. सूक्ष्मदर्शकाखाली प्लॅनेरिया हा चपटा कृमी ठेवायचा. त्याचे डोळे म्हणजे प्रकाश ओळखणाऱ्या पेशींच्या दोन वाट्या. त्यांत भिंग नाही, चित्र उमटत नाही, पण उजेड कुठल्या बाजूने येतो ते कळतं. समुद्रातल्या नॉटिलसच्या डोळ्याची वाटी जवळजवळ मिटलेली असते आणि बारीक छिद्रातून अंधुक चित्र पडतं; भिंग त्यालाही नाही. ऑक्टोपसला भिंग आहे. ‘अर्धा डोळा काय कामाचा’ असं विचारणाऱ्यासमोर अर्धे, पाव आणि पाऊण डोळे घेऊन सुखाने जगणारे प्राणी असे हजर असतात.

स्वीडनच्या निल्सन आणि पेल्गर यांनी १९९४ मध्ये याचा हिशोब मांडला. प्रकाश ओळखणाऱ्या पेशींचा सपाट थर आधीपासून आहे असं धरलं, प्रत्येक पायरीवर जेमतेम एक टक्का बदल होऊ दिला आणि मुद्दाम कंजूष गृहीतकं वापरली. तरीही माशासारख्या भिंगाच्या डोळ्यापर्यंत पोचायला चार लाखांहून कमी पिढ्या लागतात असं निघालं. लहान, वर्षाला एक पिढी देणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत भूशास्त्राच्या दृष्टीने हा काळ किरकोळ आहे.

याच संदर्भात डार्विनचं एक वाक्य नेहमी पुढे केलं जातं. डोळा नैसर्गिक निवडीतून बनला असेल हे म्हणणं अगदी हास्यास्पद वाटतं, अशी कबुली त्याने दिली आहे म्हणतात. त्याच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’चं सहावं प्रकरण उघडावं. त्या वाक्याच्या लगेच पुढे तो सांगतो, की साध्या डोळ्यापासून गुंतागुंतीच्या डोळ्यापर्यंत पायऱ्या दाखवता आल्या तर ही अडचण खरी उरत नाही. अवतरण कानावर आलं, की त्याच्या मागचं आणि पुढचं पान वाचायची सवय मी मुलांना लावली. उत्क्रांतीच्या धड्यापेक्षा ती सवय त्यांना जास्त उपयोगी पडली असेल.

३. योगायोगाचा हिशोब मांडणाऱ्याला गृहीतकं विचारा

फ्रेड हॉइल हे जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले मार्गदर्शक, विसाव्या शतकातले मोठे खगोलशास्त्रज्ञ. भंगाराच्या आवारातून वादळ गेलं आणि मागे बोइंग ७४७ उभं राहिलं, तितकीच जीव आपोआप घडण्याची शक्यता, असं त्यांनी म्हटलं. हॉइल स्वतः सृजनवादी नव्हते, पण हे विमान सृजनवाद्यांनी जे उचललं ते आजतागायत खाली ठेवलेलं नाही. आपल्याकडे मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरातही ते मराठीत भाषांतरित होऊन येतं.

एकापुढे चाळीस शून्यं, हजारो शून्यं असे आकडे फेकले जातात, तेव्हा मी एवढंच विचारते: सगळे भाग एकाच फटक्यात, एकाच जागी जुळायला हवेत असं धरलं आहे ना? उत्क्रांती असं कधीच म्हणत नाही. बदल योगायोगाने होतात, पण कोणता बदल टिकेल हे योगायोगावर नसतं. क्षयाच्या रुग्णाने औषध अर्ध्यात सोडलं तर औषधाला दाद न देणारे जंतू मागे उरतात आणि वाढतात. त्या निवडीत ‘काहीही होऊ शकतं’ असं काही नाही. म्हणून तर डॉक्टर एकाऐवजी अनेक औषधं एकत्र देतात.

रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये ई-कोलाय जीवाणूंच्या बारा वसाहती वाढवायला घेतल्या आणि ठरावीक पिढ्यांनंतर नमुने गोठवून ठेवले. सुमारे साडेएकतीस हजार पिढ्यांनंतर एका वसाहतीला ऑक्सिजन असतानाही सायट्रेट खाता येऊ लागलं; ई-कोलायला सहसा ते जमत नाही. मग त्यांनी जुने गोठवलेले नमुने पुन्हा वाढवून पाहिले. त्या वसाहतीच्या फार जुन्या नमुन्यांतून हा गुण परत उमटला नाही, नंतरच्या काही नमुन्यांतून उमटला. म्हणजे आधी घडलेल्या बदलांनी वाट तयार केली होती. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. बोइंगच्या दाखल्यात वाट तयार होण्याला जागाच ठेवलेली नाही.

४. एक भाग काढला की बंद पडतं, म्हणून ते एकदम बनलं असं ठरत नाही

शेजारच्या गृहस्थांचा सर्वांत आवडता मुद्दा हा. यंत्रं केलेल्या माणसाला तो पटकन पटतो. मायकेल बीही हे पेनसिल्व्हेनियातल्याच लीहाय विद्यापीठातले जीवरसायनशास्त्रज्ञ. १९९६ च्या ‘डार्विन्स ब्लॅक बॉक्स’ या पुस्तकात त्यांनी मांडलं, की काही जैविक यंत्रणांमधला कोणताही भाग काढला तर सगळं काम थांबतं. अर्धवट यंत्रणा निरुपयोगी, म्हणून ती हळूहळू बनूच शकत नाही. उंदराचा सापळा हे त्यांचं उदाहरण, आणि जिवांमधलं ठळक उदाहरण म्हणजे जीवाणूची फिरणारी शेपटी, फ्लॅजेलम.

किल्ल्याच्या दरवाजाची दगडी कमान पाहा. आज तिच्यातला एक दगड काढला तर ती कोसळेल. पण बांधताना खाली लाकडी आधार होता, कमान उभी राहिल्यावर तो काढला. जिवांमध्येही आधी सोयीचा असलेला भाग नंतर अत्यावश्यक होतो, आणि आधीचा आधार नाहीसा होतो.

फ्लॅजेलमच्या बुडाशी जी प्रथिनं आहेत त्यांच्याशी नातं सांगणारी प्रथिनं प्लेगच्या जंतूजवळही आहेत. १८९६ पासून मुंबई-पुण्यात ज्याने हाहाकार माजवला तोच हा जंतू. त्याची यंत्रणा फिरत नाही. ती सुईसारखी आपल्या पेशीत विषारी प्रथिनं टोचते. ही सुई फ्लॅजेलमची पूर्वज आहे असं मी म्हणत नाही. बऱ्याच अभ्यासकांच्या मते ती नंतरची आहे. मुद्दा एवढाच, की पुष्कळ भाग वगळूनही उरलेला संच कामाचा असू शकतो. ब्राउन विद्यापीठाचे केनेथ मिलर हेच दाखवायला सापळ्याचे काही भाग काढून उरलेल्याची टाय-क्लिप करून लावत.

रक्त गोठण्याची साखळीही बीहींच्या यादीत होती. डॉल्फिन आणि देवमाशांमध्ये त्या साखळीतला ‘फॅक्टर बारा’ नसतो, तरी त्यांचं रक्त गोठतं. रोगप्रतिकार यंत्रणेच्या उगमाविषयी विज्ञानाकडे उत्तर नाही असंही बीहींचं म्हणणं होतं. २००५ च्या डोव्हर खटल्यात (त्याविषयी आठव्या मुद्द्यात) उलटतपासणीच्या वेळी या विषयावरचे ५८ शोधनिबंध आणि पुस्तकांचा ढीग त्यांच्यासमोर ठेवला गेला. हे पुरेसं नाही, असं ते म्हणाले. किती पुरावा पुरेसा, हे मात्र आधी ठरलेलं नव्हतं. विज्ञानाची आपली व्याख्या लावली तर फलज्योतिषही त्यात बसेल, हे त्यांनी त्याच साक्षीत मान्य केलं.

५. सुबक रचना सगळेच दाखवतात. तुम्ही बिघाड दाखवा

गरुडाचा डोळा, वटवाघळाचा कान, मोराचं पीस अशी उदाहरणं दोन्ही बाजूंना वापरता येतात. फरक कळतो तो शरीरातल्या मोडक्या गोष्टींपाशी.

बकरी ‘क’ जीवनसत्त्व स्वतः तयार करते. आपल्याला ते आवळ्यातून, लिंबातून घ्यावं लागतं, नाहीतर स्कर्व्ही होते. ते बनवायच्या शेवटच्या टप्प्याचा जनुक आपल्याजवळ आहे, पण मोडलेला. चिंपांझी, गोरिला, माकडं यांच्यातही तो मोडलेला आहे, आणि आपल्याशी सामायिक असलेल्या बिघाडांसकट. गिनीपिगमध्येही तो बंद पडला आहे, पण तिथली मोडतोड निराळी आहे. समान पूर्वजापासून आलेल्यांमध्ये तोच बिघाड आणि दूरच्या प्राण्यात वेगळा, हे वंशवृक्षावर चपखल बसतं. रचनाकार मानला तर त्याने हेतुपुरस्सर मोडके जनुक ठेवले आणि जवळच्या प्राण्यांमध्ये एकाच पद्धतीने मोडले, असं म्हणावं लागतं.

स्वरयंत्राकडे जाणारी एक नस मेंदूतून निघून छातीत उतरते, हृदयाजवळच्या मोठ्या धमनीला वळसा घालते आणि परत गळ्यात चढते. जिराफात हा फेरा कित्येक मीटरचा होतो, मुक्काम मात्र उगमापासून फार लांब नसतो. माशांमध्ये तिची पूर्वज नस कल्ल्यांकडे सरळ जाते. मान लांबत गेली, हृदय खाली सरकलं आणि नस धमनीत अडकून राहिली.

आपल्याला ४६ गुणसूत्रं आणि चिंपांझीला ४८. दोन गुणसूत्रं जुळून एक झालं असेल तर सांध्याच्या खुणा दिसायला हव्यात. आपल्या दुसऱ्या गुणसूत्राच्या मध्येच एरवी टोकाला असणारे क्रम सापडतात, आणि एका जुन्या मध्यबिंदूचा अवशेषही.

“देवाचे मार्ग आपल्याला काय कळणार?” असं शेजारचे गृहस्थ म्हणाले. श्रद्धा म्हणून मला ते मान्य आहे. पण सुबक दिसलं की रचनाकाराचं कौशल्य आणि मोडकं दिसलं की त्याची अगाध लीला, असं म्हटल्यावर त्या दाव्यात विज्ञानाला तपासण्यासारखं काही उरत नाही.

६. ‘मधला दुवा कुठे आहे?’ विचारणाऱ्याला कच्छमध्ये पाठवा

एक दुवा सापडला की प्रश्नकर्ता म्हणतो, आता दोन फटी झाल्या. म्हणून मी एखादं जीवाश्म दाखवून थांबत नाही, सगळी रांग दाखवते. देवमाशाची रांग तर बरीचशी आपल्याच उपखंडातून आली आहे. अशोक साहनी आणि विजयप्रकाश मिश्रा यांनी १९७५ मध्ये कच्छमधल्या प्राचीन देवमाशांचं वर्णन केलं. पाकिस्तानात जमिनीवर चालणारा पाकिसेटस सापडला, मग पाय असलेला, पाण्यात पोहणारा अँब्युलोसेटस. राजौरीतल्या कालाकोट भागात भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा केलेल्या दगडांमध्ये हरणासारखा छोटा इंडोहायस होता. त्याच्या कानाचं हाड देवमाशासारखं जाड असल्याचं २००७ मध्ये थेविसन यांनी दाखवून दिलं.

यातला सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे दोन वेगळ्या वाटांनी आलेलं एकच उत्तर. डीएनए तपासणाऱ्यांनी देवमासा पाणघोड्याचा नातलग असल्याचं आधी सांगितलं होतं. पुढे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आदिम देवमाशांच्या घोट्याचं हाड गाय-हरणांच्या घोट्यासारखं निघालं.

कॅनडाच्या अतिउत्तरेला एल्समिअर बेटावर टिकटालिक असाच सापडला. मासे जमिनीकडे वळण्याचा काळ कोणता, त्या काळचे गोड्या पाण्याचे खडक कुठे उघडे पडले आहेत, हे आधी ठरवून नील शूबिन आणि सहकारी तिथे शोधत राहिले आणि २००४ मध्ये ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा तो मासा हाती आला. कुठे खणावं हे इंटेलिजंट डिझाइनने अजून कोणाला सांगितलेलं नाही.

७. दगड वाचायला श्रद्धा सोडावी लागत नाही

पृथ्वी काही हजार वर्षांची आहे असं मानणारे सृजनवादी कार्बन-१४ वर तुटून पडतात. त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षांचं, सुमारे पन्नास हजार वर्षांपलीकडे ती पद्धत चालत नाही. मग कोट्यवधी वर्षं कुठून काढता? कार्बनने ती कोणी काढतच नाही. दख्खनच्या बेसाल्टचं वय पोटॅशियमपासून होणाऱ्या अरगॉनवरून काढतात आणि ते सुमारे ६.६ कोटी वर्षं येतं.

आम्हा नागपूरकरांना त्यासाठी लांब जावं लागत नाही. शहराच्या एका अंगाला दख्खनचा बेसाल्ट संपतो, तर कामठी-उमरेडकडे पंचवीस कोटींहून अधिक वर्षं जुने कोळशाचे थर आहेत. लाव्हाच्या दोन थरांमध्ये तळ्यांचा गाळ आणि त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडतात. म्हणजे लाव्हा आला, थंड झाला, वर तळं साचलं, त्यात जीव नांदले, मग पुन्हा लाव्हा आला. मुंबईत वरळीच्या अशाच थरांत बेडकांचे सांगाडे मिळाले. बायबलमधल्या एका वर्षाच्या महापुरात हे सगळं कुठे बसवणार?

आणि नागपूरजवळच्या टाकळीचे हे जीवाश्म गोळा करून जगापुढे मांडणारा माणूस कोण? स्टीफन हिस्लॉप, स्कॉटिश मिशनरी. त्यांच्या नावाचं कॉलेज आजही शहरात आहे. सुवार्ता सांगायला आलेला हा माणूस दगडांतही रमला आणि रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासोबत १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात त्याने नागपूरच्या जीवाश्मांवर लेख लिहिला.

हे मी शेजाऱ्यांना आवर्जून सांगितलं, कारण उत्क्रांती मानली की देव सोडावा लागतो या भीतीपोटी बरेचजण पुरावे पाहतच नाहीत. १९८१ मध्ये अर्कान्सास राज्याने शाळांत सृजनवादाला समान वेळ देणारा कायदा केला. त्याविरुद्ध कोर्टात जाणाऱ्यांत मेथडिस्ट, एपिस्कोपल, कॅथलिक बिशप होते, आणि खटला ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते मॅकलीन स्वतः पाद्री होते. डोव्हर खटल्यात उत्क्रांतीच्या बाजूने उभे राहिलेले केनेथ मिलर श्रद्धावान कॅथलिक आहेत.

८. युक्तिवादासोबत कागदपत्रंही वाचा

डोव्हर हे पेनसिल्व्हेनियातलं छोटं गाव. २००४ मध्ये तिथल्या शाळा मंडळाने ठरवलं, की नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात उत्क्रांतीविषयी शंका घेणारं एक निवेदन वाचून दाखवायचं आणि ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ या पुस्तकाचं नाव सुचवायचं. शिक्षकांनी वाचायला नकार दिला. अकरा पालक हॅरिसबर्गच्या संघीय न्यायालयात गेले.

१९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लुइझियानाचा सृजनवाद शिकवण्याचा कायदा रद्द केला होता. ‘पांडाज’ १९८९ मध्ये निघालं. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक बार्बरा फॉरेस्ट यांनी पुस्तकाचे जुने मसुदे तपासले. त्या निकालापर्यंतच्या मसुद्यांत ‘क्रिएशन’ होतं, निकालानंतर त्याच वाक्यांत ‘इंटेलिजंट डिझाइन’ आलं, व्याख्या मात्र तीच राहिली. एका ठिकाणी ‘क्रिएशनिस्ट्स’ पुरतं खोडायचं राहिलं आणि त्याच्या पोटात ‘डिझाइन प्रोपोनंट्स’ घुसून मसुद्यात एक विचित्र संकर राहून गेला. उत्क्रांती नाकारणाऱ्यांच्या मसुद्यात मधला दुवा सापडावा, याचं मला अजूनही हसू येतं.

न्यायाधीश जॉन जोन्स यांची नेमणूक रिपब्लिकन अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी केलेली होती. २० डिसेंबर २००५ च्या १३९ पानी निकालात त्यांनी इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नसून सृजनवादाचंच रूप असल्याचं स्पष्ट लिहिलं. तोवर डोव्हरच्या मतदारांनी निवडणुकीला उभे असलेले जुने मंडळ सदस्य घरी पाठवले होते. खटल्याच्या खर्चापोटी मंडळावर सुमारे दहा लाख डॉलर्सचा भार पडला.

छायाचित्रंही अशीच तपासावीत. हारून याह्या या नावाने तुर्कस्तानातून निघालेल्या ‘अ‍ॅटलस ऑफ क्रिएशन’ची जाडजूड प्रत युरोपातल्या शाळांना फुकट गेली. जीवाश्म आणि आजचे जीव सारखेच, हे दाखवण्यासाठी त्यात छापलेल्या एका ‘कीटका’ला गळाचा हूक होता. ते मासे पकडायचं आमिष होतं!

९. परक्याचा सृजनवाद ओळखणं सोपं, घरचा कठीण

बायबलवाल्यांचं मी सांगितलं की वर्गात हशा पिकायचा. दशावताराचा विषय काढला की शांतता. “मॅडम, मासा, कासव, वराह, मग अर्धा माणूस, मग बुटका माणूस, आपल्या पूर्वजांना डार्विनच्या आधीच माहीत होतं!” ही जुळणी डार्विन सर्वत्र पोचल्यानंतर लावली गेली. आधी कोणी दशावतार वाचून खडकात काय सापडेल ते सांगितलं नव्हतं. शिवाय कुठली यादी घ्यायची? भागवताच्या पहिल्या स्कंधात वराह दुसरा, मत्स्य दहावा आणि कूर्म अकरावा आहे. महाराष्ट्रात नववा अवतार म्हणून बुद्धाच्या जागी विठ्ठलही येतो. सोयीची यादी निवडायची आणि सोयीपुरतं जुळवायचं, हीच युक्ती शेजारच्या गृहस्थांनी बायबलबाबत केली असती तर वर्गाने ती लगेच पकडली असती. दशावताराचं सौंदर्य त्याच्या कथेत आहे. त्याला जीवशास्त्राचं प्रमाणपत्र कशाला हवं?

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, एका वैदिक संमेलनात तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंग म्हणाले, की डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कोणीही पाहिलेला नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी मिळून त्याचा प्रतिवाद केला. मला सर्वांत खटकलं ते ‘कोणी पाहिलं’ हे. सिंग मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेले. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार नसला तरी मागे राहिलेल्या खुणांवरून गुन्हा शाबित होतो, हे पोलिसांना कोणी शिकवायला हवं का?

नंतर एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. तो बारावीत आहे, असं उत्तर मिळतं. पण बारावीला जीवशास्त्र घेणारे किती? त्या पुस्तकावर शिकून दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलाला माणूस कुठून आला याची वैज्ञानिक ओळख शाळेत होणारच नाही. अमेरिकेतल्या शाळा मंडळांना खटले लढून जे साधलं नाही, ते इथे पानं गाळून झालं.

१०. शेवटी एकच प्रश्न विचारा, आणि तो स्वतःलाही लागू करा

४ फेब्रुवारी २०१४ रोजी केंटकीतल्या क्रिएशन म्युझियममध्ये सृजनवादी केन हॅम आणि विज्ञानप्रसारक बिल नाय यांचा जाहीर वाद झाला. श्रोत्यांतून प्रश्न आला, तुमचं मत कशाने बदलेल? बायबल हे देवाचं वचन आहे या श्रद्धेपासून आपल्याला कोणी हलवू शकणार नाही, अशा अर्थाचं हॅम बोलले. नाय म्हणाले, पुरावा दाखवा, आणि कोणता पुरावा चालेल त्याची उदाहरणंही त्यांनी दिली. मला वाटतं, हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला विचारला असता तर उरलेल्या वादाची गरज पडली नसती.

तेव्हापासून कोणी उत्क्रांतीवर वाद घालायला आलं, की मी माझी यादी आधी सांगते. सशांच्या कोट्यवधी वर्षं आधीच्या, कॅम्ब्रियनपूर्व खडकात सशाचं खरं जीवाश्म सापडलं, तर मी हादरेन. हाडांवरून काढलेला वंशवृक्ष आणि डीएनएवरून काढलेला वंशवृक्ष यांचा जागोजागी ताळमेळ लागेनासा झाला, तरीही. ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोडक्या जनुकात आपले बिघाड चिंपांझीशी जुळेनात आणि गिनीपिगशी तंतोतंत जुळू लागले, तर समान पूर्वजाची गोष्ट मला नव्याने तपासावी लागेल. यातलं काहीही उद्या सकाळी निघू शकतं. जगभर खोदकाम आणि जनुकवाचन रोज चालू आहे, आणि त्यातलं प्रत्येक उत्क्रांतीला खोटं ठरवण्याची संधी आहे.

मग समोरच्याला म्हणते, आता तुमची यादी द्या. रचनाकाराने काय केलं नसतं? कोणती गोष्ट दिसली तर तुम्ही म्हणाल, इथे कोणाचा हात नव्हता? यादी आली तर वाद पुढे चालवण्यात अर्थ आहे. तिच्यातली एकेक बाब आपण दोघं मिळून तपासू शकतो. यादी आली नाही तर समोरचा माणूस श्रद्धेबद्दल बोलतो आहे. तो त्याचा हक्क आहे आणि त्यात मला ढवळाढवळ करायची नाही. फक्त ती श्रद्धा जीवशास्त्राच्या तासाला पाठ्यपुस्तक म्हणून आली, तर मी हरकत घेईन.